कासऱ्याची पहिली गाठ

"ह्यो माजा न्हाई! बाई, भाईर या! ह्यो माजा नातूच न्हाई!"

सुभेदार आमच्या दारात उभे राहून ओरडत होते. पलटणीतून पेन्शनीत आलेला हा माणूस. त्यांचा आवाज असा, की उंब्रजच्या फाट्यावर एसटी थांबवायची असेल तर त्यांनी आमच्या गावात बसून नुसतं खाकरलं तरी पुरे. त्या दिवशी तर गळा मोकळा सोडलेला. आमची कौलं थरथरली, शेजारच्या म्हशीनं भर दुपारी पान्हा सोडला आणि देवळावरची कबुतरं जी उडाली ती म्हणे रहिमतपुरात जाऊन बसली. सुभेदारांच्या डाव्या काखेत वळकटीसारखं आडवं धरलेलं एक पोर होतं. पोराच्या भादरलेल्या डोक्यावर पलटणीची लोकरी कानटोपी, भुवयांच्या खाली ओढलेली. उरलेल्या तोंडावर हळद आणि खोबरेलाचा लेप. एका पायात चप्पल, दुसरी कुठं पडली ती देवाला ठाऊक.

ते पोर म्हणजे मी. आणि पिठाचे हात घेऊन बाहेर आली ती माझी आई. गावाची बालवाडीची बाई.

"काय झालं सुभेदार? एवढं ओरडायला काय झालं?"

"काय झालं? मळ्यातनं आलो, नातवाला हाक मारली, तर ह्यो उठला! नाक बगा ह्याचं. आमच्या घराण्यात असलं नाक हाय का कुणाचं?"

"मग कुणाचा हा?"

"ते तुमी सांगा! तुमीच सोडलाय ह्याला माज्या दारात!"

सुभेदारांच्या हिशेबी गावात दोनच प्रकारची पोरं होती. एक त्यांचा नातू, आणि दुसरी बाकीची सगळी. त्यामुळं मी कोण हे त्यांनी ओळखावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण समोर साक्षात जन्मदाती उभी! मी काखेतून मान वाकडी केली आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "बाई!"

आई म्हणाली, "हो हो बाळा, रडू नको. सोडते हं तुला तुझ्या घरी."

तुम्ही म्हणाल, काय थापा मारतोस, पोटचं पोर आईला ओळखू येत नाही होय? अहो, मलाही तेच वाटलं होतं. पण त्या दिवशी गावात कुणालाच कुणी ओळखू येत नव्हतं आणि त्याला कारणं होती. ती सांगतो, मग पुढं जाऊ. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. एवढं सगळं कसं आठवतं असंही कुणी विचारतं. मला आठवतं. ज्यांना आठवत नव्हतं त्यांना मी इतक्यांदा सांगितलंय, की आता त्यांनाही आठवतं.

आई सांगलीची. माहेर नदीकाठचं, बोलणं शहरी, चप्पल नेहमी पुसलेली. लग्न होऊन आमच्या गावात आली. वडील मात्र तिकडं सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला, शनिवारी रात्री यायचे नि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे तिला तिच्या गावातून उचलून आमच्या गावात आणलं आणि नवरा तिच्या गावात जाऊन बसला. यावर ती हसायची. पण आल्यावर पहिल्याच सुगीत तिनं एक गोष्ट पाहिली, त्यावर ती कधी हसली नाही. बायका शाळू काढायला गेलेल्या, आणि बांधावरच्या आंब्याला एक पोर बांधलेलं. पायाला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक बुंध्याला. विहीर जवळ होती म्हणून. पोर रडून रडून थकलेलं, मातीत तोंड घालून झोपलेलं. त्या पोराच्या आईला ती म्हणाली, "बांधायचंच असेल तर माझ्या दोरीला बांधा." दुसऱ्या दिवशी तिनं भैरोबाच्या देवळाचा मंडप झाडला आणि बालवाडी सुरू केली. सांगलीला जाऊन शिक्षण घेणं, जिल्ह्याकडून दुधाची पावडर मिळणं, हे सगळं नंतरचं.

दोरी मात्र तिनं खरंच आणली. बैलाला लावतात तो कासरा, चांगला लांब. त्याला हातहातभर अंतरावर गाठी. बालवाडी सुटली की प्रत्येक पोरानं आपली गाठ धरायची आणि वरात निघायची. देवळापासून निघून गावाला वळसा घालून शेवट आमच्या घराशी. ज्याचं घर आधी त्याची गाठ शेपटाला. दार आलं की शेपटाचं पोर गाठ सोडायचं, "आजी, नमस्कार" म्हणायचं आणि आत जायचं. शेवटी उरायची ती पहिली गाठ, आईच्या हाताजवळची. ती माझी.

आणि आई ही वरात उलटी चालत न्यायची. तोंड पोरांकडं, पाठ रस्त्याकडं. गावातला प्रत्येक खड्डा, गटार, बांधलेलं रेडकू तिच्या टाचांना पाठ होतं. गाणं म्हणत, टाळ्या वाजवत, एखाद्याचं नाक पदरानं पुसत ती अशी सरसर मागं मागं जायची, की समोरून येणारी बैलगाडी आपण होऊन कडेला व्हायची. पुढं आम्ही सांगलीला राहायला गेलो, तिथंही तिनं पुढच्या खोलीत बालवाडी काढली आणि तिथल्या गल्लीतही ती उलटीच चालायची. एकदा एका हवालदारावर जाऊन आदळली. हवालदारानंच माफी मागितली.

तर ही दोरी. आता टकलं.

त्या हिवाळ्यात पोरांच्या डोक्यात उवा झाल्या. उवा म्हणजे काय, एकेका डोक्यात जत्रा भरलेली. पोरं झोपली तरी केस हलायचे. आईनं न्हाव्याला देवळापुढच्या कडुनिंबाखाली बसवलं आणि मुलगे-मुली सगळ्यांचे गोटे करून टाकले. आम्ही उन्हात बसलो की डोळे दिपून वरून जाणारी घार वाट चुकायची. आणि अंगावर? देवळाशेजारी शिलाईचं दुकान होतं चाचांचं. गाद्यांच्या कापडाचा, त्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, एक अख्खा तागा त्यांच्याकडं पडून होता. कुणी गादीच करून घेईना. आईनं तो सगळ्या पोरांच्या झबल्यांसाठी मागितला. कुणाच्या अंगावर जरीकाठ नको नि कुणाच्या अंगावर ठिगळ नको, हा तिचा विचार. विचार थोर, पण आम्ही दिसायचो उशांसारखे. एका मापाच्या, एका खोळीच्या, वर टक्कल असलेल्या उशा.

यातच माझी अडचण अशी, की ते झबलं अंगात असेपर्यंत आईला "बाई" म्हणायचं, हा तिचा नियम. बाकीच्या पोरांना वाटायला नको, की या एकट्याची आई आहे आणि आमची नाही. मी एकदा चुकून "आई" म्हणालो तर तिनं ओ दिली नाही. सगळ्यांची होती ना ती, मग माझी कशी?

त्या दिवशी साताऱ्याहून मुख्यसेविका आल्या होत्या. बालवाड्या तपासणं हे त्यांचं काम. आमची बालवाडी चालू ठेवायची की बंद करायची, दुधाची पावडर पुढं द्यायची की नाही, हे त्या बघून जाणार होत्या. स्वभावानं गरीब बाई. एसटीत बसून बसून पाय सुजलेले. त्यांनी काही मागितलंच नाही. पण आईला हौस आली. बालवाडी सुटताना तिनं पोरांना त्यांच्या त्यांच्या गाठी न देता उंचीप्रमाणं उभं केलं. बुटकं शेपटाला, उंच पुढं. दिसलं झकास. देवळाच्या पायऱ्या उतराव्यात तशी टकलं उतरत गेलेली. मुख्यसेविका म्हणाल्या, "वा!" तो "वा" ऐकून आई इतकी फुलली, की पाहुण्यांच्या शेजारी उलटं चालणं बरं दिसत नाही म्हणून ती आयुष्यात एकदाच, त्या एका दिवशी, लोकांसारखी सरळ चालली. बोलत बोलत. मागं न बघता.

मग काय? दार आलं की शेपटाचं पोर गाठ सोडी आणि आत जाई. घर कुणाचं, पोर कुणाचं! घरातली धडधाकट माणसं सगळी मळ्यात. घरी उरलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. समोर टक्कल आलं, पट्ट्यांचं झबलं आलं, "आजी, नमस्कार" आलं, की त्या पाट मांडून मोकळ्या. पोरांनी तोंड उघडलं नाही, कारण आईनंच शिकवलं होतं: कुणाच्या घरी गेलात तर हट्ट करायचा नाही, ताटात येईल ते खायचं. इतकं चांगलं शिकवू नये माणसानं.

मी मधल्या उंचीचा. माझ्या वाटणीला सुभेदारांचं घर आलं. सुभेदारीणबाईंना दिसायचा फक्त उजेड नि अंधार. त्यांनी माझ्या टकलाला हळद-तेल चोपडलं, वारं लागू नये म्हणून पलटणीची टोपी चढवली आणि पेलाभर दुधात कच्चं अंडं फोडून ते मला पाजलं. ते अंडं पोटात उतरल्यावर मी जो गप्प झालो, तो सुभेदार मळ्यातून येईपर्यंत. आणि आल्यावर त्यांनी जो आवाज काढला, त्यानं माझा उरलासुरला आवाज बेंबीत जाऊन बसला. थेट आईसमोर आल्यावरच तो वर आला, आणि वर आला तो नियम पाळतच आला: "बाई!"

आता परत दारात या.

आईनं पिठाचा हात कपाळावर मारला. तिच्या लक्षात आलं होतं.

"मी उंचीप्रमाणं उभी केली हो त्यांना," ती म्हणाली.

"उंचीपरमानं? ती काय पलटण हाय?" सुभेदारांनी मला दुसऱ्या काखेत घेतलं. "बाई, नातवाचा बाप तिकडं बरफात पहाऱ्याला हुबा हाय. माज्या भरवशावर पोरगं ठेवून गेलाय. त्याला काय कळवू? हरवलं म्हणून कळवू?"

"मिळेल. गावातच आहे तो."

"गावातच? नि हिरी कुटं हायत्या, गावाभाईर? ऐका. ती सायबीन अजून फाट्यावर एसटीची वाट बगत बसलीया. एसटी यायच्या आत माजा नातू हाताला लागला तर ठीक. न्हाई तर तिला हितं आणतो नि तिच्यादेखत देवळाला कुलूप घालतो!"

देवळाचा कारभार त्यांच्याकडं, त्यामुळं किल्ली त्यांच्या करदोट्याला होती. ती त्यांनी अशी वाजवली, की मला ती काखेतूनही ऐकू आली.

पण आईचं किल्लीकडं लक्ष नव्हतं. विहिरी म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं आत डोकावलं. आमच्या खोलीत गोधडीतून एक टक्कल बाहेर आलेलं, संथ घोरत होतं. आपलं पोर घरात आहे एवढी खात्री करून घेऊन, खुंटीवरचा कासरा ओढून, मला त्याची एक गाठ धरायला लावून ती निघाली. उलटी. कधी नव्हे ती घाबरून, पण उलटीच.

पहिलं घर कुंभाराचं. म्हातारी एका टकलाला भाकरी कुस्करून घालत होती.

"आजी, हे तुमचं नाही. हे गुरवाचं."

"आता सांगतीस व्हय? निम्मी भाकरी खाल्ल्यावर?" म्हातारीनं ताट पुढं ओढलं. "खाऊ दे त्याला. उपाशी नेऊ नगं. नि आमचं कुटं हाय?"

"शोधते."

"शोध निवांत. कुटं जातंय!"

कुंभाराचं चाचांच्या घरी सापडलं. चाचा मशीनवर मान घालून शिवत बसलेले, ते पोर पायाशी चिंध्यांत खेळत होतं.

"चाचा, अहो तुम्हाला तरी दिसतं ना? तुमची मुलगी नव्हे ही!"

चाचांनी चष्मा वर केला, पोराला न्याहाळलं. "मी कापड ओळखलं, बाई. कापड माझंच हाय. तरी म्हटलं, आज आमची लेक एवढी गप कशी!"

चाचांची लेक गुरवाच्या घरी, घंटेला लोंबकळत. असं एकातून एक. आई प्रत्येक टक्कल हातात धरी, वळवून बघी आणि नेमकं सांगी कुणाचं ते. कुणाचे कान, कुणाची चाल, कुणाचं हुंदके देणं, सगळं तिला ठाऊक. माझं तेवढं टक्कल टोपीखाली नि तोंड लेपाखाली. मागं सुभेदार, त्यांच्या मागं निम्मं गाव. प्रत्येक घरी एक पोर सोडायचं, एक उचलायचं. सुभेदार दर दाराशी आधी आत शिरत आणि दरवेळी जरा अजून वाकून बाहेर येत. आवाजही उतरत गेलेला. शेवटी शेवटी तर ते नुसतं "न्हाई" म्हणत, तेही हळू. त्यांचं हळू म्हणजे आपलं ओरडणं, पण फरक कळत होता.

सगळी पोरं आपापल्या घरी गेली. आणि कासऱ्याला उरलो मी एकटा. नातू नाही तो नाहीच.

फाट्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. सुभेदारांनी किल्लीला हातसुद्धा लावला नाही. देवळाच्या पायरीवर बसले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. लोक विहिरींकडं पांगले. आई माझ्यासमोर खाली बसली. तशातही माझं नाक वाहतंय हे तिनं पाहिलं, कारण ते न पाहणं तिला शक्यच नव्हतं. पदर पुढं घेतला, नाक पुसलं, हळद पुसली गेली. तिनं माझी टोपी काढली. उजव्या कानामागं जात्यावर आपटल्याची माझी खोक आहे. तिच्यावर तिचं बोट गेलं आणि तिथंच थांबलं.

"तू?"

"मी की, बाई."

"अरे मेल्या, मग मघापासनं बोलला का नाहीस?"

"बोलत हुतो की, बाई. बाई बाई म्हणत हुतो."

तिनं मला असं आवळलं, की ते कच्चं अंडं जवळजवळ बाहेर आलं. "आई म्हण रे," ती म्हणाली, "आई म्हण." आणि मी ते म्हणायच्या आतच ताडकन उठून उभी राहिली.

"सुभेदार! मग गोधडीत कोण झोपलंय?"

सुभेदार त्या वयात असे पळाले, की फेटा पायरीवरच राहिला. आम्ही मागं. गोधडी ओढली. आत सुभेदारांचा नातू. गावातलं सगळ्यात उंच पोर, म्हणून रांगेत सगळ्यात पुढं. म्हणून पहिल्या गाठीला. म्हणून सगळ्यात शेवटी, आमच्या दारात. आईनं सवयीनं मागं हात करून त्याला आत ढकललेलं आणि "हातपाय धू नि झोप" सांगून ती पाहुण्यांना फाट्यावर पोचवायला गेलेली. त्यानं हातपाय धुतले होते. उशाशी माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता, रिकामा.

"आरं, तू हितं कसा?" सुभेदारांनी हे मात्र खरंच हळू विचारलं.

"बाईंनी सोडलं."

"मग, माजं घर न्हाई हे, म्हणून सांगायचं न्हाई व्हय?"

नातवानं डोळे चोळले. "हितं आंडं पाजत न्हाईत."

सुभेदारांनी त्याला उचललं आणि त्या टकलावर मिशा टेकून उभे राहिले. मग नातवाला खांद्यावर घेऊन ते बाहेर पडले आणि घराकडं न वळता तरातरा फाट्याकडं गेले. एसटी अजून उभी होती. वाहक चहा पीत होता.

आई दारात बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. पण तिनं मोठा श्वास सोडला, इतका लांब, की चुलीतली राख उडाली, आणि म्हणाली, "जाऊ दे. लागलं तर लागू दे कुलूप. सापडला ना." मग ती हसायला लागली, आणि हसता हसता मला मांडीवर घेऊन माझ्या टकलावरची हळद पुसत बसली. झबलं अंगात होतं, तरी त्या संध्याकाळी मी तिला मनसोक्त आई म्हटलं आणि तिनं प्रत्येक वेळी ओ दिली. आज ती नाही. पण ती गेली त्या सकाळीही मला आठवली ती हीच ओ.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवळापाशी गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं. मंडप झाडलेला. सुभेदार पायरीवर बसलेले, शेजारी नातू. बालवाडी सुटायच्या वेळीही ते तिथंच. आईनं कासरा सोडला, पोरांना ज्याची त्याला गाठ दिली, पहिली माझी. सुभेदार उठले आणि गाठी संपल्यावर उरलेलं शेपटाचं टोक त्यांनी आपल्या मुठीत धरलं. आई पुढं उलटी, सुभेदार मागं सरळ, मधे आम्ही उशा. निम्म्या वाटेवर आईला राहवेना.

"सुभेदार, काल फाट्यावर मुख्यसेविकांना काय सांगितलंत?"

सुभेदार पुढं बघत चालत राहिले.

"पावडर वाढवून मागितली."